काचेवरची चर

मातीच्या बैलाच्या पायांना भोकं असतात. त्यांतून बांबूची काडी आरपार घालायची, काडीच्या दोन्ही टोकांना मातीच्याच चकत्या अडकवायच्या आणि गळ्यात सुतळी बांधून बैल गल्लीभर ओढत न्यायचा. छत्तीसगढमध्ये याला नंदिया बैला म्हणतात आणि पोळ्याला म्हणतात पोरा. नागपूरच्या कॅलेंडरवर ती श्रावणातली अमावास्या असते, इथल्या पंचांगात भादोतली. दिवस मात्र एकच. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो आणि पोरं लाकडी बैल सजवून दारोदार बोजारा मागत फिरतात. इथे पोऱ्यालाच मुलांच्या हातात मातीचे बैल येतात. मुलींसाठी जातं, चूल, कढई अशी मातीची भातुकली. घरात ठेठरी-खुरमी तळली जाते, पहिला मान बैलाचा.

या वर्षी पोऱ्याला मी भिलाईच्या खुर्सीपारला मामीकडे होते. मामा भंडाऱ्याकडचे, साठच्या दशकात प्लांटमध्ये लागले आणि इथलेच झाले. सोव्हिएत मदतीने भिलाईला पोलाद कारखाना उभारायचा करार २ फेब्रुवारी १९५५ ला झाला; ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्या भट्टीमागोमाग देशभरातून माणसं आली. खुर्सीपार ही अशा कामकरी माणसांची वस्ती. मामीच्या ओळीत एका दारात तेलुगू, पुढच्या दारात ओडिया, त्यापुढे भोजपुरी, पाण्याच्या टाकीपाशी छत्तीसगढी. मामीच्या घरातल्या मराठीतही आता या भाषा मिसळल्या आहेत.

माझी भाची सात वर्षांची. तिच्याकडे तिच्या मोठ्या भावाचा जुना टॅबलेट आहे, शाळा मोबाइलवर भरत होती त्या दिवसांतला. त्यावर गोष्टींचं एक ॲप आहे. चित्रातल्या शेतकऱ्याला बोट लावलं की तो हसतो, कोंबडीला लावलं की ती ओरडते. सकाळी बाजारातून बैल आला तेव्हा भाची ते शेत उघडूनच बसली होती. तिने बैल उचलला आणि सरळ काचेवर, चित्रातल्या बांधावर, नेऊन उभा केला. मग थांबली. बैल थोडा पुढे ढकलला. पुन्हा थांबली.

“मावशी,” ती म्हणाली, “याला कळतच नाही बैल आलाय ते.”

मुलांच्या गोष्टी आणि स्क्रीन या विषयावर मी गेली काही वर्षं वाचते आहे. त्या वाचनातला मुख्य प्रश्न इतक्या थोडक्यात मला कोणी सांगितला नव्हता. मुलाच्या हातात वस्तू असते आणि वस्तूबरोबर त्याच्या मनात गोष्ट सुरू झालेली असते. समोरच्या काचेला त्यातलं काही कळत नाही. तिला फक्त बोट कळतं.

असं का होतं, ते मामांनी सांगितलं. ते प्लांटमध्ये इलेक्ट्रिकलला होते. चष्मा पुसत ते एवढंच म्हणाले, “अर्थिंग नाही त्याला.”

टॅबलेटच्या काचेखाली डोळ्याला न दिसणाऱ्या आडव्या-उभ्या रेषांची जाळी असते. ती बहुधा इंडियम टिन ऑक्साइड नावाच्या पारदर्शक, वीजवाहक पदार्थाची बनवतात. आडवी रेघ उभीला जिथे ओलांडते तिथे थोडासा विद्युतभार साठलेला असतो. बोट जवळ आलं की त्यातला काही भाग आपल्या शरीराकडे वळतो, आणि कोणत्या ठिकाणी किती घट झाली हे यंत्र सेकंदाला कितीतरी वेळा मोजत राहतं. घट झाली म्हणजे तिथे स्पर्श झाला. भाजलेली माती वीज वाहून नेत नाही. बैल काचेवर उभा असला तरी जाळीच्या लेखी तिथे कोणी नाही.

मामांचं म्हणणं पडताळायला आम्ही स्वयंपाकघरातून काकडी आणली. काकडी चालली. तिच्यात पाणी आहे, आणि ती हातात धरलेली असते म्हणून हातापर्यंतची वाट पुरी होते. भाचीने काकडीने कोंबडीला ओरडायला लावलं आणि शेजारच्या तेलुगू घरातला तिचा वर्गमित्र हसून हसून जमिनीवर लोळला. मग चमचा चालला. लाकडी लाटणं चाललं नाही. कोरडा कंगवा चालला नाही. अर्धा तास त्या दोघांनी घरातली एकेक वस्तू काचेला लावून पाहिली आणि दोन ढीग केले, कळणाऱ्यांचा आणि न कळणाऱ्यांचा. मी शाळेत विद्युतवाहक आणि विद्युतरोधक यांची यादी पाठ केली होती. या मुलांनी ती हाताने तयार केली.

बैल मात्र न कळणाऱ्यांच्या ढिगात होता, आणि ते भाचीला मुळीच मान्य नव्हतं.

तेव्हा आम्ही त्याला नांगर केला. कान कोरायची कापसाची काडी घेतली, तिचं एक टोक पाण्यात बुडवून निथळवलं. पोळ्या गुंडाळायच्या चांदीच्या कागदाची, म्हणजे ॲल्युमिनियम फॉइलची, लांब पट्टी फाडून काडीभोवती ओल्या कापसापर्यंत वेटोळली. ती पट्टी बैलाच्या पाठीवरून वशिंडापर्यंत आणली आणि वशिंड फॉइलने झाकलं, कारण भाचीची मूठ बैलाला तिथेच धरते. काडी शेपटीमागे तिरपी बांधली, कापसाचं टोक काचेला टेकेल अशी. काचेवर चरे पडू नयेत म्हणून वर जुना स्क्रीनगार्ड होताच. पहिल्या खेपेला काही झालं नाही. कापूस वाळला होता. दुसऱ्यांदा फॉइल मधेच फाटलेली निघाली. गोष्टींचं ॲप बंद करून चित्र काढायचं साधं ॲप उघडलं, मातकट रंग निवडला. भाचीने वशिंड धरून बैल पुढे नेला आणि त्याच्या मागे काचेवर तपकिरी रेघ उमटत गेली.

चर पडली होती. दोघंही गप्प झाले. स्क्रीनसमोर मुलं गप्प होतात ती शांतता वेगळी. ही शांतता बी पेरणाऱ्याची होती.

पाच-सहा चरा झाल्यावर भाचीला एक शोध लागला. तिने बैलावरचा हात काढला आणि सुतळीने त्याला ओढलं. बैल चालला, चर थांबली. पुन्हा हात ठेवला, चर सुरू. ती म्हणाली, “हात ठेवला तरच नांगरतो. नाहीतर नुसता चालतो.” मामा खाटेवरून म्हणाले, “अर्थिंग.” मला वाटतं, दोघांनीही खरं तेच सांगितलं. अशी वस्तू मुलाच्या शरीरातून जिवंत होते. हात काढला की ती पुन्हा माती.

जगाच्या दुसऱ्या टोकाला याच प्रश्नाने तीसेक वर्षं माणसांना झपाटलं आहे. १९९२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये ड्युरेल बिशप या विद्यार्थ्याने एक फोन कल्पिला. कोणी निरोप ठेवला की यंत्रातून एक गोटी बाहेर पडेल. गोटी खळग्यात ठेवली की निरोप ऐकू येईल. निरोप खिशात घालता येईल, दुसऱ्याच्या तळहातावर ठेवता येईल. १९९७ मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमधले हिरोशी इशी आणि ब्रिग उल्मर यांनी ‘टँजिबल बिट्स’ नावाचा निबंध लिहून या विचाराला शास्त्राचं रूप दिलं. काचेमागे कोंडलेली माहिती हाताला लागेल अशी बाहेर आणायची, हा त्यांचा आग्रह.

पण मला सगळ्यात जवळचं वाटतं ते त्याच लॅबमध्ये १९९९ च्या सुमारास किमिको र्योकाई आणि जस्टिन कॅसेल यांनी केलेलं काम, स्टोरीमॅट. एक मऊ गोधडी, तिच्यावर घरं-रस्ते-झाडं शिवलेली. मूल हातातलं कापडी खेळणं त्या गोधडीवर फिरवत गोष्ट सांगतं. गोधडी त्याचा आवाज आणि खेळण्याची वाट दोन्ही टिपून ठेवते. मग दुसरं मूल आपलं खेळणं घेऊन त्याच जागी आलं की पहिल्याची गोष्ट त्याच्या आवाजात ऐकू येते आणि गोधडीवर खेळण्याची सावली चालू लागते. गोष्ट तिथे कोणी मोठ्याने लिहून ठेवलेली नाही. एका मुलाची गोष्ट दुसऱ्याला सापडते, आणि तो पुढची सांगतो.

ते वाचताना खुर्सीपारच डोळ्यांसमोर येतं. एका ओळीत पाच भाषा. तेलुगू मुलाने आपल्या आजीकडून ऐकलेली गोष्ट बैलाला धरून सांगितली आणि ती त्या बांधापाशी राहिली, तर भाचीला सगळे शब्द कळणार नाहीत. पण बैल कुठे अडला, कुठे वळला, कुठे थांबला हे नक्की कळेल. बाकीचं ती त्याला विचारेल.

बाजारानेही ही कल्पना उचलली. २०११ मध्ये डिस्नेने ‘कार्स २’ सिनेमातल्या गाड्या आयपॅडवर चालवायला आणल्या. गाडीखाली वीज वाहणारे ठिपके, प्रत्येक गाडीची ठिपक्यांची मांडणी निराळी, त्यावरून यंत्र गाडी ओळखायचं. हात ठेवला की काचेवरचा रस्ता गाडीखालून सरकू लागायचा. ही ओळख पटवायची युक्ती सुंदर आहे. काचेला बैल आणि शेळी यांतला फरक दिसत नाही, तिला फक्त स्पर्शबिंदू दिसतात. पण तीन बिंदूंचा त्रिकोण केला की त्रिकोणाच्या बाजूंच्या लांबीवरून हा बैल आणि ती शेळी असं ठरवता येतं. बिंदू बोटाच्या टोकाएवढा हवा. फार मोठा झाला तर तळहात टेकला असं समजून यंत्र त्याच्याकडे दुर्लक्ष करतं, फार बारीक झाला तर त्याला दिसतच नाही. आणि टॅबलेट एका वेळी साधारण दहाच स्पर्श मोजत असला, तर तीन-तीन पायांची तीनच पात्रं काचेवर मावतात. बैल, शेतकरी आणि वाघ. लोककथेला एवढी पुरतात.

ऑस्मोने दुसरा रस्ता धरला. प्रमोद शर्मा आणि जेरोम शोलर या गूगलमधून बाहेर पडलेल्या दोघांनी २०१३ मध्ये काढलेली ही कंपनी. आयपॅडच्या कॅमेऱ्यावर छोटा आरसा बसवायचा. कॅमेरा समोर बघायचं सोडून खाली टेबलावर बघतो आणि मुलाने मांडलेले ठोकळे, अक्षरं, चित्रं ओळखतो. वस्तू काचेवर नाही, काचेसमोर. वस्तूला अर्थिंग लागत नाही आणि काचही शाबूत राहते. जानेवारी २०१९ मध्ये बायजूजने ही कंपनी १२ कोटी डॉलरला विकत घेतली. २०२४ मध्ये बायजूजच्या कर्जदात्यांनी ऑस्मोविरुद्धही अमेरिकेच्या दिवाळखोरी न्यायालयात अर्ज केला.

हा शेवटचा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. कंपनीची चावी फिरते त्या दिवशी असल्या खेळण्यांचं काय होतं? ॲप नवं होत नाही, एक दिवस उघडत नाही, आणि घरात उरतात ते ठोकळे, ज्यांना यंत्राविना काही सांगता येत नाही. ज्या वस्तूत स्वतःची गोष्ट नाही ती काचेवर ठेवली काय आणि न ठेवली काय, ती यंत्राची किल्ली एवढीच राहते. नंदिया बैलाचं तसं नाही. टॅबलेट जन्माला यायच्या आधीपासून तो गोष्ट घेऊन फिरतो आहे. म्हणून मला वाटतं, मुलांसाठी काही करायचं असेल तर वस्तूपासून सुरुवात करावी, आणि अशी वस्तू निवडावी जी स्क्रीन विझली तरी मुलाच्या हातात राहील.

वस्तूने गोष्ट सांगायची विद्या शिकायला खुर्सीपारहून कुठे लांब जायला नको. भिलाईपासून दहा-पंधरा किलोमीटरवर गनियारी नावाचं गाव आहे, तीजनबाईंचं. पंडवानी, म्हणजे गाऊन सांगितलेलं महाभारत, ज्याने पाहिली आहे त्याला त्यांच्या हातातला तंबुरा विसरता येणार नाही. मोरपिसं लावलेला तो तंबुरा भीमाच्या प्रसंगी खांद्यावर गदा होतो, अर्जुनाच्या प्रसंगी धनुष्य होतो, मग रथ होतो, आणि दुःशासनाच्या प्रसंगी तोच द्रौपदीचे केस. वस्तू बदलत नाही. धरण्याची तऱ्हा बदलते आणि बघणाऱ्याला दुसरंच दिसू लागतं. बायकांनी बसून गावं अशी रीत असताना तीजनबाई कापालिक शैलीत उभ्या राहून गायल्या. तेराव्या वर्षी पहिला कार्यक्रम केला, पुढे भिलाई स्टील प्लांटने त्यांना नोकरी दिली, २००३ मध्ये पद्मभूषण आणि २०१९ मध्ये पद्मविभूषण मिळालं. गोष्टींची ॲप करणाऱ्याने आधी एक रात्र पंडवानी बघावी असं मी अगदी मनापासून म्हणते. त्रिकोण ओळखणारं यंत्र बैलाला कायमचा बैल ठरवून टाकतं. मूल त्याच बैलाला घटकेत आगगाडी करतं. यंत्राला इतकी मोकळीक देता आली पाहिजे की बैल आगगाडी झाला तरी त्याने हट्टाने हंबरू नये.

आणि वजन. काच सगळं दाखवते, पण जड काय हे तिला सांगता येत नाही. याच मुलखात मराठी घरातल्या माधवराव सप्रे यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढलं आणि १९०१ मध्ये त्यात ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही हिंदी कथा लिहिली. जमीनदाराने म्हाताऱ्या विधवेची झोपडी बळकावली आहे. ती चुलीसाठी एक टोपली माती मागते, भरते, आणि टोपली उचलायला त्यालाच हात लावायला सांगते. त्याला ती उचलत नाही. एका टोपलीचं ओझं उचलवत नाही तर झोपडीतल्या हजारो टोपल्या मातीचं कसं उचलाल, असं ती विचारते. ही गोष्ट मी भाचीला दुपारी सांगितली तेव्हा तिने मामीच्या कुंडीतली माती भातुकलीच्या कढईत भरून उचलून पाहिली. मग मोठ्या पातेल्यात. काचेवर बोटाने सरकवलेली टोपली कितीही सुंदर काढलेली असो, त्या म्हातारीचा प्रश्न तिथे उभाच राहत नाही.

आपल्याकडे बालशिक्षण ज्यांनी उभं केलं त्यांना हे नीट ठाऊक होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलं. माँटेसरींची साधनं महाग, गावात न मिळणारी. त्यांनी बिया, शिंपले, पानं, गारगोट्या घेतल्या. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात, गुरं राखत असेल तर कुरणात. अंगणवाडी हा शब्द आज देशभर चालतो. त्या अंगणवाडीच्या सेविकेच्या हातात आता पोषण ट्रॅकरसाठी मोबाइल असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ आणला: खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रपत्रं असलेली पेटी. पाठोपाठ त्याचं ॲपही आलं. पेटी एका कोपऱ्यात, मोबाइल सेविकेच्या पिशवीत. या दोघांची गाठ घालायला फार पैसे लागत नाहीत. पेटीतल्या बाहुलीच्या बुडाला फॉइलचे तीन ठिपके, हाताशी जाणारी एक पट्टी आणि तिला ओळखणारी चार ओळींची साधी गोष्ट, मुलाच्या घरच्या भाषेत. ती गोष्ट सेविकेच्या आणि मुलांच्या आवाजात भरता आली तर आणखी उत्तम.

लहान मुलांना स्क्रीन द्यावीच का, हा प्रश्न आई-बाप विचारतात आणि तो रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन वर्षांच्या आतल्या बाळांना स्क्रीन नकोच असं सांगितलं, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांचा बसून स्क्रीन बघण्यातला वेळ तासाच्या आत ठेवायला सांगितलं, तोही जितका कमी तितका बरा. मी त्या मर्यादेच्या बाजूची आहे. पण त्या दिवशी मी घड्याळ लावून पाहिलं नाही, तरी एक गोष्ट दिसली. दोन तासांच्या खेळात काच उजळलेली होती ती थोडाच वेळ. उरलेला वेळ फॉइल फाडण्यात, कापूस भिजवण्यात, बैल कोणी धरायचा यावर भांडण्यात आणि ते मिटवण्यात गेला. हा वेळ मला मोलाचा वाटतो, आणि विकत मिळणाऱ्या तयार खेळण्यात तोच काढून टाकलेला असतो.

संध्याकाळी पूजेची वेळ झाली तेव्हा मामीने बैल मागितला आणि त्याच्या पाठीवरचं चकचकीत कातडं पाहून थबकली.

“काऊन गं, हे काय गुंडाळून ठेवलं नंदीला?”

“आजी, त्याचा नांगर आहे,” भाची म्हणाली. “काढू नको. मग त्याला कळणार नाही.”

“त्याला का टॅबलेटला?”

भाची जरा विचारात पडली. “दोघांना.”

मामीने नांगर राहू दिला. कपाळाला हळद-कुंकू लावलं, वशिंडावरच्या फॉइललाही लावलं, समोर खुरमीचा तुकडा ठेवला. बैल पाटावर बसला आणि दोन्ही मुलं त्याच्यासमोर मांडी घालून, कधी संपते पूजा याची वाट बघत.

पूजा झाल्यावर मी पुन्हा चित्राचं ॲप उघडलं, मातकट रंग निवडला, टॅबलेट सतरंजीवर ठेवला. भाचीने बैल उचलला नाही. ती टॅबलेटकडे बघत राहिली.

“शेत झालं ना सकाळी,” ती म्हणाली. “किती नांगरणार तो? दमला.”

शेजारच्या मुलाने काही सांगितलं, अर्धं हिंदीत, अर्धं तेलुगूत. तिला ते पटलं. दोघांनी मिळून टॅबलेट उचलून ओट्याखाली नेला, भोवती मातीची चूल, जातं, कढई मांडली, आणि कडेने काचेच्या चारी बाजूंना कुंडीतली माती पसरायला घेतली. मी घाईघाईने माती थांबवली आणि खाली प्लास्टिक अंथरलं.

“मावशी, रंग बदल,” भाची म्हणाली. “निळा कर. आणि नांगर त्याच्या तोंडाला लाव.”

मी काडी शेपटीमागून सोडवली, कापूस पुन्हा ओला केला आणि फॉइलची पट्टी मानेवरून पुढे घेऊन मुस्काटाखाली बांधू लागले. बैलाची मान सकाळपासूनच्या ओढाओढीने एका बाजूला जराशी तडकली होती, तिथे जपून.